दोघांत एक पट

पत्त्यांत हरलेला माणूस पानांना बोल लावतो, ल्युडोत हरलेला फाशाला. कॅरममध्ये पावडर कमी पडलेली असते, बॅडमिंटनमध्ये वारा असतो आणि क्रिकेटमध्ये पंच तर आहेतच. नवकंकरीत हरल्यावर मात्र बोल लावायला घरात कोणीच सापडत नाही. फासा नाही, पिसलेली पानं नाहीत, समोरच्याच्या मुठीत काही झाकलेलं नाही. जे काही आहे ते फरशीवर खडूनं ओढलेल्या रेघांवर, दोघांच्या डोळ्यांदेखत मांडलेलं. आणि तरी दोघांपैकी एकाला ते दिसत नाही.

बुद्धिबळ, नवकंकरी, वाघबकरी या खेळांची मला ओढ आहे ती याच एका गोष्टीमुळे. कौरवांनी द्यूताऐवजी बुद्धिबळाचा डाव मांडला असता, तर युधिष्ठिर कदाचित हरलाही असता, पण शकुनीच्या फाशांकडे बोट दाखवायची सोय त्याला राहिली नसती. आणि आपल्याला एवढं मोठं महाभारतही मिळालं नसतं, हा त्यातला तोटा.

नवकंकरीला खर्च काही नाही. एकात एक असे तीन चौकोन काढायचे आणि बाजूंचे मध्य रेघांनी जोडायचे. चोवीस जागा तयार होतात. दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या. एकाकडे चिंचोके, दुसऱ्याकडे खडे किंवा फुटक्या बांगड्यांचे तुकडे. आळीपाळीनं एकेक ठेवत जायचं. कोणाच्या तीन सोंगट्या एका रेघेत आल्या की त्यानं समोरच्याची एक उचलायची. सगळ्या बसल्या की रेघेरेघेनं एक घर सरकायचं. ज्याच्याकडे दोनच उरल्या किंवा ज्याला हलायलाच जागा राहिली नाही, तो हरला. एवढे नियम आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही पाठ आहेत.

पण खेळायला बसा. नवखा माणूस आधी कोपरे धरतो. कोपरा कसा ऐसपैस वाटतो, पाठ भिंतीला टेकल्यासारखी. मुरलेला खेळाडू मधल्या चौकोनाच्या बाजूंचे मध्य पकडतो. कोपऱ्यातून बाहेर पडायला दोनच वाटा, मधल्या चौकोनाच्या मध्यावरून चार. मध्ये मारामारी झाली नसेल तर अठरा सोंगट्या बसल्यावर चोवीसपैकी सहाच जागा मोकळ्या राहतात, आणि तेव्हा कळतं की दाटी कोणाची झाली आहे. त्यात समोरच्यानं एक भलतीच मांडणी साधलेली असली, म्हणजे तीच सोंगटी इकडे सरकवली की एक रेघ जुळते आणि परत नेली की दुसरी, तर मग बघायला नको. दर खेपेला आपली एक सोंगटी जाते आणि आपण मुकाट्यानं ती काढून देतो. सगळं समोरच घडलेलं असतं, त्यामुळे तक्रार करणार कोणाकडे?

हा पट जुन्या देवळांच्या फरसबंदीत आणि लेण्यांच्या ओट्यांवर दगडात कोरलेला सापडतो. कोणी कोरला ते लिहून ठेवलेलं नसतं. ज्यांना कुठेतरी तासन्‌तास थांबावं लागत होतं अशी माणसं असणार: पहारेकरी, व्यापारी, छिन्नी हातात असलेले पाथरवट. हीच आकृती युरोपातही आहे. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो यानं खेळांवर एक सचित्र ग्रंथ करवून घेतला, तो १२८३ साली पुरा झाला, आणि त्यात बुद्धिबळाबरोबर नवकंकरीचा हाच पट आहे.

त्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक गोष्ट येते आणि ती चक्क हिंदुस्थानच्या राजाची आहे. राजाच्या दरबारी तीन शहाणे होते. एक म्हणाला, अक्कल श्रेष्ठ. अकलेनं वागून हरला तरी माणसाकडे दोष जात नाही. दुसरा म्हणाला, नशीब श्रेष्ठ. नशिबात असेल ते अकलेनं टळत नाही. तिसरा म्हणाला, दोन्ही थोडं थोडं असावं. राजानं पुरावा मागितला. पहिला बुद्धिबळ घेऊन आला, दुसरा फासे, तिसरा फासे टाकून सोंगट्या हलवायचा पट. तिसऱ्याचं म्हणणं संसाराला धरून आहे हे मला मान्य आहे. पण संसार दिवसभर असतोच. संध्याकाळी तासभर तरी पहिल्याच्या बाजूला बसावं, असं मला वाटतं.

आणि दोघांनीच बसावं. तिघं झाले की राजकारण सुरू होतं. मागे पडलेले दोघं पुढे असलेल्याविरुद्ध एक होतात, आणि मग हुशारीपेक्षा गोड बोलणं कामाला येतं. चौघं असले तर कोणीतरी मोबाइल बघतच असतो. दोघांत ती सवड नाही. तिसऱ्याला फार तर मागे उभं राहून ‘घोडा काढ, घोडा!’ असं ओरडण्यापुरतं स्थान. असा एक सल्लागार प्रत्येक पारावर आणि प्रत्येक सोसायटीच्या बाकावर असतो, आणि त्याला स्वतः खेळायला बसवलं की त्याला हटकून घरी काम निघतं.

माझी जोडीदार म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. आम्हा दोघींना बोलायला विषय फारसे नाहीत. जे आहेत ते न काढलेले बरे, हे दोघींनाही कळतं. पण पट मांडला की मला त्या जेवढ्या कळतात तेवढ्या लग्नापासूनच्या सणवारांत कळल्या नाहीत. ताई घाईनं मारत नाहीत. सोंगटी उचलायची संधी असली तरी ती तशीच ठेवून आधी माझी वाट बंद करतात. माणसाचा स्वभाव बोलण्यात लपवता येतो. नऊ सोंगट्यांत लपवायला जागा पुरत नाही.

वाघबकरीत तर स्वभावाचीच निवड करायची असते. याचे नमुने गावोगाव वेगळे. नेपाळात याला बाघचाल म्हणतात आणि तिथे पंचवीस जागांवर चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, पाच खाल्ल्या की जिंकला. बकरी स्वतः कोणाला मारू शकत नाही. ती फक्त जागा अडवते, आणि चारही वाघांना हलता येईनासं झालं की कळप जिंकतो. पुरुषमंडळींना सहसा वाघ हवे असतात. मी बकऱ्या मागून घेते. वाघाला दर खेपेला काहीतरी करून दाखवायचं असतं. बकऱ्यांना नुसतं एकमेकींच्या पाठीशी उभं राहायचं असतं, पाठीमागची जागा रिकामी न ठेवता. शेवटचा वाघ कोंडला गेला की समोरच्याचा चेहरा बघावा. आपल्याला कोणी मारलंच नाही, मग हरलो कसे, हे त्याला बराच वेळ उमगत नाही.

आता संगणकानं या खेळांची गंमत घालवली असं काहीजण म्हणतात. राल्फ गासर नावाच्या संशोधकानं १९९३ साली नवकंकरी संगणकावर पुरती सोडवली: दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. मी हे ताईंना सांगितलं. ‘बिनचूक खेळणारी दुसरी कुठून आणायची?’ असं म्हणून त्यांनी माझी सोंगटी उचलली.

त्याहून मजा हेक्सची. डेन्मार्कच्या पीट हाइन यांना १९४२ साली हा खेळ सुचला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत गणिती जॉन नॅश यांना स्वतंत्रपणे तोच सुचला. षटकोनी घरांचा तिरपा पट असतो. आपापल्या समोरासमोरच्या दोन कडा आपल्या सोंगट्यांनी सलग जोडायच्या. या खेळात बरोबरी होऊच शकत नाही. एकाची वाट अडवायची म्हणजे दुसऱ्याची पुरी होणंच आलं. नॅशचा युक्तिवाद साधा आहे. पटावर आपली एक सोंगटी जास्त असल्यानं हेक्समध्ये कधीच नुकसान होत नाही. तेव्हा दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकायची काही युक्ती असती, तर पहिल्यानं एक सोंगटी कुठेही ठेवून तीच युक्ती उचलली असती. म्हणजे जिंकायची युक्ती पहिल्याचीच. फक्त ती कोणती, हे त्या सिद्धतेतून कळत नाही! गुप्तधन वाड्यातच आहे अशी खात्री करून द्यावी आणि कुठे खणायचं ते सांगू नये, तसा हा प्रकार.

संगणकावर माझा राग असलाच तर वेगळ्या कारणासाठी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवी कोनेरू हंपी. नेहमीच्या वेळेचे दोन डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांवर गेला आणि दिव्या जिंकली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीला बुद्धिबळाचं वेड लावलं, खाडिलकर बहिणींनी मुंबईतून एकामागून एक राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेव्हापासून बुद्धिबळ आपल्याकडे घरातलं आहे; त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे सगळेच टीव्हीसमोर. पण पडद्यावर पटाशेजारी ती काळी-पांढरी उभी पट्टी असते ना, कोण पुढे आहे ते संगणकाच्या हिशेबानं दाखवणारी, तिनं घात केला. ज्याला उंट कसा चालतो हे विचारावं लागतं, तोही पट्टी खाली सरकली की ‘चुकली, चुकली!’ म्हणत होता. त्या दोघींना जे दिसत नव्हतं ते आम्हाला फुकटात दिसत होतं, आणि म्हणून आम्हाला काहीच दिसत नव्हतं. शेवटी मी पट्टीवर दिनदर्शिकेचं पान चिकटवलं. घरात थोडी बोलाचाली झाली, पण मग सगळे पटाकडे बघायला लागले.

नणंदबाईंशी माझा एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. नवकंकरीत कोणाच्या तीनच सोंगट्या उरल्या तर त्यानं रेघ सोडून कुठेही उडी मारावी की नाही? आमच्या माहेरी उडत नाहीत. सासरी उडतात. माझ्या मते उडायला दिलं तर हरणाऱ्याला उगाच जीवदान मिळतं आणि आधी कमावलेलं सगळं पाण्यात जातं. ताईंचं म्हणणं, तीनच उरल्यावर हरणाऱ्याला एवढीही सूट न देणं हा कद्रूपणा झाला. मध्यंतरी माझ्या वाचनात आलं की दक्षिण आफ्रिकेत नवकंकरीचाच एक भाऊबंद खेळतात, मोराबाराबा. तिथे सोंगट्यांना गायी म्हणतात, प्रत्येकी बारा. आणि तीन गायी उरल्या की त्या उडू शकतात. हे मी ताईंना सांगायला नको होतं.

‘बघ,’ त्या म्हणाल्या, ‘तिकडे गायीसुद्धा उडतात. काढ गं पट.’