पंचमावर गेलेला षड्ज परत आणताना

अंबाजोगाईच्या आमच्या घरात क्लॅरनेट माझ्या जन्माआधीपासून आहे, कारण वडिलांनी अनेक वर्षे लग्नाच्या बँडमध्ये ते वाजवले; मी मात्र पेटी आणि गायन शिकलो. फ्लूट, ओबो, क्लॅरनेट आणि बासून या चार सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांसाठी हायडन-मोझार्ट या युरोपीय संगीतकारांच्या काळच्या वळणाची एक चौकडी लिहायचे ठरवले, तेव्हा खरी अडचण पाश्चात्त्य स्वरलेखनाची येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती षड्जाची, म्हणजे आधारस्वर 'सा'ची, निघाली.

तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला षड्ज हलवणे मानवत नाही. सोनाटा या पाश्चात्त्य रचनाबंधात, निदान मेजर (सर्व शुद्ध स्वरांच्या) स्वरपट्टीत, पहिला विषय, म्हणजे मुख्य धून, मांडून झाला की संगीत पंचमाकडे, म्हणजे 'प'कडे, जाते, पंचमालाच षड्ज मानून दुसरा विषय येतो आणि अखेरीस दोन्ही विषय मूळ षड्जावर परततात. माझी स्वरपट्टी एफ मेजर होती, म्हणजे नवा षड्ज सी. मी दोनच बारांत (तालाच्या छोट्या खंडांत) तिथे पोहोचलो, पण ऐकताना सी हा पंचमच वाटत राहिला. हायडनच्या १७८१ मधील ओपस (रचनाक्रमांक) ३३ च्या तंतुवाद्यांच्या चौकड्या बारकाईने वाचल्यावर माझी घाई कळली. एफचा शुद्ध मध्यम, म्हणजे बी फ्लॅट, तीव्र केला की बी मिळतो आणि तोच सीचा शुद्ध निषाद असतो. यमन गाताना तीव्र मध्यमाची पंचमाकडची ओढ मी लहानपणापासून अनुभवली होती; तिचा असा उपयोग होतो हे मात्र कधी मनात आले नव्हते. तो स्वर मी तीनदा आणला, त्याखाली बासूनला चार बार जी धरून ठेवायला लावले आणि त्यानंतर आलेला सी स्थिर वाटला.

संगणकावर सारे सुरेख वाजत होते. मुंबईतल्या एका ओबोवादकांना प्रत पाठवली, तेव्हा त्यांनी फोनवर सांगितले, "तुम्ही मला चोवीस बार सलग वाजवायला लावले आहे. ओबोत श्वास कमी पडत नाही, उरतो; तो बाहेर टाकायला जागा द्या." ओबोच्या दुहेरी पातीतून हवा फार थोडी जाते, हे मी वाचले होते, पण लिहिताना ध्यानात ठेवले नव्हते. मग त्या भागातले निम्मे बार मी क्लॅरनेटला दिले.

परतीच्या भागात दुसरा विषय पाच स्वर खाली आला आणि फ्लूटच्या दुबळ्या खालच्या सप्तकात सापडला, म्हणून तोही क्लॅरनेटकडे सोपवला. या क्लॅरनेटचे स्वर जसे ऐकू यावेत त्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावे लागतात, त्यामुळे वडिलांसाठी जी मेजरमध्ये वेगळी प्रत काढली. त्यांनी ती दोनदा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "इथं क्लॅरनेटचा गळा दबतो रे. ही जागा याची नाही, दुसऱ्या कुणाला दे." विषय नेमका त्या वाद्याच्या गळ्यातल्या, म्हणजे मधल्या, फिक्या स्वरांवर आणि तिथून वरच्या स्वरांत जाण्याच्या सांध्यावर पडला होता.

ती ओळ आता ओबोकडे आहे. मुंबईहून आलेले तिचे ध्वनिमुद्रण वडिलांना ऐकवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सनईच्याच घरातलं दिसतंय. पुन्हा लाव."