म्हस कुठं हाय?

"एवढा भारी कॅमेरा घेतलाय, मग लांब कुठं जात का नाही?"

महिन्यातून दोनदा तरी मला हे कुणी ना कुणी विचारतंच. बँकेत काउंटरपलीकडून, लग्नाच्या पंगतीत, आणि नणंदेकडून तर दर दिवाळीला. लडाख झालं का? हंपी केलंत का? ताडोब्यात वाघ मिळाला का? नाही, नाही आणि नाही. सुट्टीच्या दिवशी मी कोल्हापुरातच असते, फार तर स्कूटर पाऊण तासात पोचेल तिथवर. एरवी "गुडघे दुखतात" म्हणून वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी कॅमेऱ्याचं. तो भारीबिरी नाही. निकॉन डी७२००, सेकंडहँड घेतलेला, आणि ३५ मिलिमीटरची एक छोटी लेन्स. तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, १.८ पर्यंत मोठं उघडतं, म्हणजे डोळ्यावर फोकस धरला की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. नव्यानं ही लेन्स घेतलेला माणूस वर्षभर फक्त १.८ वर फोटो काढतो. मीही काढले.

त्याच नादात एका सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेले. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: इथं गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेला उभे असतात, गिऱ्हाईक आलं की समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. त्या दिवशी एक गवळी धार काढत होते. पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल, गाल म्हशीच्या पोटाला टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. बाजूच्या दुकानाचा दिवा बरोबर गालावर. मी सात-आठ फोटो काढले. त्यांनी न बघताच विचारलं, "देणार का नुसतंच काढताय?" म्हटलं, देणार.

पुढच्या रविवारी आठ बाय बाराची प्रिंट घेऊन गेले. मनातून खूश होते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पापणीचा केस न् केस, बाकी सगळं मऊ. त्यांनी हात टॉवेलला पुसले, प्रिंट लांब धरली, जवळ धरली. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"म्हस कुठं हाय?"

म्हटलं, ही काय, मागं.

"ही व्हय? शिंगं धुकट आल्यात की. आन् पाय कुठं हायत? मॅडम, माझं थोबाड बघून कोण दूध घेतंय?"

कट्ट्यावरची सगळी माणसं हसली. मीही हसले, पण स्कूटरवरून घरी येताना चिडले होते. यांना फोटोतलं काय कळतंय, असं आलं मनात. खोटं कशाला बोलू?

तो फोटो तसाच विसरता आला असता. पण गंगावेस माझ्या बँकेच्या वाटेवर आहे. रोज तो माणूस दिसायचा आणि रोज विचारायचा, "काय मॅडम, म्हस कधी?" शेवटी गेले. आणि मग कळलं की म्हशीचा फोटो काढणं हे काम आहे. कॅमेऱ्याला काळं जनावर दाखवलं की त्याला वाटतं अंधार आहे, तो प्रकाश वाढवतो आणि काळीभोर म्हैस राखाडी होते. त्याला दटावून एक्स्पोजर एक पायरी खाली आणावं लागतं. ॲपर्चर बारीक करून आठवर न्यावं लागतं, तेव्हा कुठं नाकपुडीपासून शिंगाच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ येतं. शिवाय चारही पाय दिसायला हवेत, एकमेकांवर न आलेले. त्यासाठी म्हशीनं अर्धं पाऊल पुढं टाकायची वाट बघायची, आणि ती आपल्या सोयीनं टाकत नाही. तीन रविवार गेले. चौथ्या वेळची प्रिंट बघून ते एवढंच म्हणाले, "आता कशी!" ती त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावली आहे. त्यांचा स्वतःचा फोटो मात्र माझ्याकडंच पडून आहे. मला आजही तोच जास्त आवडतो, पण ते असो.

त्यानंतर दिवाळी पाडव्याचं बोलावणं आपोआप आलं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात: शिंगं रंगवून त्यांना मोरपिसं, गळ्यात घुंगरं, अंगावर केस कातरून काढलेली नक्षी. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटतो आणि म्हैस त्या आवाजामागं धावत सुटते. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ती गर्दीतही ओळखते म्हणतात, आणि बघितल्यावर ते पटतं. पाहुणे फोटोवाले रस्त्याच्या मधोमध वाकून बसतात. मला कट्ट्यावरच्या एका पोरानं हाताला धरून बाजूच्या पायरीवर उभं केलं, "हितं थांबा, हितं म्हस वळती." तिथं शटर सेकंदाच्या एक-तिसांशवर ठेवून कॅमेरा म्हशीबरोबर फिरवला. बाकी सगळा रस्ता रेघारेघांचा, मधे म्हशीचा डोळा स्थिर. चाळीसात एक असा येतो. ती पायरी मला लडाखला कोण दाखवणार होतं?

थंडीत मी गुऱ्हाळावर जाते. पहाटे थंडगार कॅमेरा घेऊन आत शिरलं की काच वाफेनं पांढरी होते आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. ती दहा मिनिटं कामाची. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस किती वेळानं आत वाकतो, जाळ कधी भसकन बाहेर येतो, भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी कशी वर येते, हे तेव्हा बघून होतं. कढई उतरवायची वेळ गुळव्या ठरवतो. रस दाट झाला की थोडा पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. मी त्या बोटांचा फोटो काढला होता, तो त्याला फार आवडला. चुलवाणावरच्याला मात्र त्याचा फोटो नको होता. घामेजलेला, बनियनवरचा, काळवंडलेला. म्हणाला, "घरात बघतील की मी काय काम करतो." मी तो पुसून टाकला, त्याच्यासमोर. दुपारी तो आंघोळ करून, भांग पाडून, गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीपुढं उभा राहिला. तो फोटो अगदी स्टुडिओतल्यासारखा ताठ आहे. कुठल्याही स्पर्धेत तो पहिल्याच चाळणीत पडेल. मी कुठं पाठवतेय?

तालमीतल्या कुस्तीच्या हौदापर्यंत माझी मजल नाही. बाईमाणसानं आत जायची रीत नाही, म्हणून दारातून दिसेल तेवढी तांबडी माती. याचा मला राग आहे आणि तो मी वस्तादांना सांगितला आहे. ते "बघू" म्हणाले. या "बघू"ला आता सहा वर्षं होतील. खासबाग मैदानात मात्र कुणी अडवत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली पुरं केलेलं ते मैदान बशीसारखं आहे, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते.

किरणोत्सवाचंही लोक विचारतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात: पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांशी, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग किंवा धुरकं असलं की मधेच विरतात. आत मला फोटो काढता येत नाही, आणि तसं वाटतही नाही. मी महाद्वाराबाहेर वेण्या विकणाऱ्या एका मावशींजवळ थांबते. देवीला लागायचं ऊन आधी त्यांच्या टोपलीवरून जातं. पाच-सात मिनिटं अबोली पेटल्यासारखी दिसते, मग गेलं. एका नोव्हेंबरात चुकलं तर फेब्रुवारीत जाता येतं, आणि मावशी तिथंच असतात.

२०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी कुठल्या कुठं मागं टाकली तेव्हा मी कॅमेरा कपाटात ठेवला होता. आमच्याच घरी तीन कुटुंबं राहायला आली होती. पाणी उतरल्यावर बापट कॅम्पातल्या एक कुंभारीण बाई बँकेत आल्या. गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या, ते सगळ्यांनी बघितलंच होतं. त्या पासबुकाचं काम उरकून थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही मागं फोटू दिला होता, मी डोळे आखताना. सासूबाई पण होत्या त्यात. तो भिजला. परत मिळंल?" हार्ड डिस्कमधे तो होता. संध्याकाळी प्रिंट काढून दिली. सासूबाई कोपऱ्यात आहेत, अर्ध्या कापलेल्या, मी त्यांच्याकडं तेव्हा बघितलंसुद्धा नव्हतं. आता मी मोठी फ्रेम घेते. कोपऱ्यात कोण आहे ते बघून मगच बटण दाबते.

तर लांब न जाण्याचं कारण असं. प्रिंट द्यायला परत जाता येत नसेल तर फोटो काढताना माझा हात अडखळतो. लडाखमधल्या आजीबाईंचा फोटो काढायचा आणि निघून यायचं, हे करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, त्यातले काही फोटो फार सुंदर असतात. पण त्या आजीबाईंनी "म्हस कुठं हाय?" विचारलं तर ऐकायला तिथं कुणी नसतं.

देणं राहिलेल्या प्रिंटचं एक पाकीट स्कूटरच्या डिकीत असतं. सध्या त्यात सात आहेत. सहा देऊन होतील. सातवी जोतिबाच्या चैत्र यात्रेतली. सासनकाठीचा, म्हणजे देवाच्या निशाणाच्या उंच काठीचा, तोल जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी तोरण्या, म्हणजे दोऱ्या, ओढून धरतात, त्यातली एक धरलेले एक आजोबा, भुवयांपर्यंत गुलाबी. गुलालात लेन्स बदलायची नाही, काच कापडानं पुसायची नाही, नुसती फुंकर मारायची. म्हणून कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून काढला होता. नाव विचारायच्या आत "चांगभलं"चा गजर झाला आणि काठी पुढं गेली. काठीवरचं गावाचं नाव फोटोत आहे, पण अर्धं, फडक्यामागं गेलेलं. गेल्या वर्षी डोंगरावर दोन तास शोधलं, तीन काठ्यांखाली विचारलं. एकजण म्हणाला, "ह्ये आमचंच म्हातारं, पण औंदा आलं न्हाई, गुडघं धरल्यात."

गावाचं नाव विचारून घेतलं आहे. यंदा चैत्रात आले तर डोंगरावर, नाहीतर स्कूटर तिकडं. पिशव्या दोन घेतल्या आहेत, एक कॅमेऱ्याला आणि एक प्रिंटला.