मसाजरसाठी डॉक्टरांचं पत्र: माझा अनुभव

माझ्या लेकीला तीव्र बौद्धिक अक्षमता आहे. वय नऊ. 'शाब्बास' म्हटलं तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही आणि बिस्किटाने ठसका लागतो. नाशिकमधल्या तिच्या विशेष शाळेच्या फॉर्मवर बक्षिसाचे रकाने मात्र तीनच: खाऊ, टाळ्या, स्टार.

यातलं काहीच तिच्या कामाचं नाही, म्हणून बक्षीस म्हणून तिला काय आवडतं ते शोधलं. ते सोपं गेलं. दोन वस्तू दोन बाजूंना धरायच्या, हात किंवा नजर कुठे जाते ते बघायचं, मग बाजू बदलून पुन्हा. (बदलाच, काही मुलं सवयीने एकाच बाजूला हात टाकतात.) भांडी बाजारातली पितळी घंटी, अत्तराचा बोळा, सगळं मागे पडलं. छोटा मसाजर गालाला लावला की मात्र ती मान उचलते, आणि बंद केला की माझं मनगट ओढते.

अडलं ते शाळेच्या ऑफिसात. बाई तयार होत्या, ऑफिस नाही. "मशीन वर्गात चालणार नाही, डॉक्टरांचं पत्र आणा." तिला फिटचे झटके येतात, त्यामुळे पत्र मागण्यात गैर नव्हतं. बक्षीस म्हणून लुकलुकणारे दिवे वापरणार असाल तर डॉक्टरांना आधी विचाराच, काहींना त्याने झटका येतो. पण डॉक्टर म्हणाले, "मसाजरचं पत्र? नमुना आणा." ऑफिस म्हणालं, "नमुना नसतो, लेटरहेड आणि शिक्का पाहिजे." तसं पत्र नेलं, तर त्यात 'शैक्षणिक साहित्य' असं लिहिलेलं नाही म्हणून परत! पुन्हा नाशिकच्या द्वारका चौकातलं ट्रॅफिक, मांडीवर घामाघूम पोर, पुन्हा दवाखान्याचा बाक. ते दोन शब्द घालून आणल्यावर तोच क्लार्क म्हणतो, "हां, आता कसं!" डोकं फिरलं. तुम्ही ते शब्द आधीच घालून घ्या आणि अर्जाची पोच सहीशिक्क्यानिशी मागा.

आता वर्गात तिचा हात चमच्याकडे गेला रे गेला की चार-पाच सेकंद मसाजर. तास संपल्यावर देऊन उपयोग नाही, कशाबद्दल मिळालं ते तिला जोडता येत नाही. परवा तिने चमचा स्वतःहून धरला. बाईंनी व्हिडिओ पाठवला, तो मी ऑफिसात जाऊन मुद्दाम दाखवला.

सासूबाई म्हणतात, "आवडतंय तर दे की दिवसभर!" तसं केलं तर शाळेत त्याचं अप्रूप उरणार नाही, म्हणून घरी तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. आणि हो, सेलवर चालणाराच घ्या. वायर दिसली की ऑफिसला नवं पत्र सुचेल.