आजी-आजोबांसोबत परदेशी निघालेलं लेकरू: नात्याची साखळी कागदावर कशी जोडायची

कायद्याच्या नजरेत आजी-आजोबा नातवंडाचे पालक नसतात. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि आई यांचीच नावं आहेत. लेकरू आजीच्या मांडीवर वाढलेलं असलं, तरी इमिग्रेशनच्या खिडकीवर आजी ही ‘सोबतची प्रौढ व्यक्ती’ असते. तिथल्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: हे लेकरू खरंच यांचं नातवंड आहे का, आणि आई-बापाला हा प्रवास माहीत आहे का. फाईलमधला प्रत्येक कागद या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर असतो. कोणत्या कागदाने कशाचं उत्तर मिळतं हे आधी लक्षात घेतलं, की नको त्या झेरॉक्सचा गठ्ठा करायची वेळ येत नाही.

पहिला प्रश्न नात्याचा. लेकराच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात. आई किंवा वडिलांच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर त्यांच्या आई-वडिलांची नावं छापलेली असतील, तर आजी-आजोबांपर्यंतचा दुवा तिथेच जुळतो. म्हणून आजी-आजोबांच्या पिशवीत लेकराच्या आई-बापाच्या पासपोर्टची झेरॉक्स हवी, आणि ती पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही पानांची. बहुतेक जण फक्त फोटोचं पान काढतात. त्याने ओळख पटते, पण नातं सिद्ध होत नाही.

वडिलांकडच्या आजी-आजोबांचं काम सोपं असतं, कारण आडनाव एकच असतं. साखळी तुटते ती आजोळकडे. लेकराचं आडनाव जाधव, आजोबांचं देशमुख, आणि लेकीच्या पासपोर्टवर सासरचं नाव. मधला दुवा म्हणजे तिचा विवाह नोंदणी दाखला, कारण माहेरचं आणि सासरचं नाव त्या एकाच कागदावर शेजारी शेजारी येतं. त्याला तिच्या शाळेच्या टीसीची किंवा जन्मदाखल्याची जोड द्या. लग्नाची नोंद केलेलीच नसेल, तर ती आजही करता येते. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत उशिराची नोंद विलंब शुल्क भरून होते. लग्नपत्रिका, पुरोहिताची आणि साक्षीदारांची सही, दोघांचे वयाचे पुरावे लागतात. हे काम तिकीट काढायच्या आधीचं आहे, कारण ग्रामसेवकाकडे आणखी दोन गावांचा कारभार असेल तर सहीसाठीच आठवडा जातो.

जन्मदाखल्याबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. घर परभणीचं असलं आणि प्रसूती लातूरला झाली, तर नोंद लातूर महापालिकेत असते आणि दाखलाही तिथूनच घ्यावा लागतो. जन्माची नोंद दवाखान्यातून लगेच जाते आणि बारसं नंतर होतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते. असा दाखला पासपोर्टला चालत नाही. नाव नंतर भरून घेता येतं: जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याच तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला धरला जातो. टीसी किंवा आधार दाखवून भागत नाही.

दाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय तेही बघा. दवाखान्याने माहेरचं नाव कळवलं आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर कागदावर त्या दोन वेगळ्या बायका होतात. आजोळच्या माणसांना माहेरचं नाव सोयीचं वाटेल, पण दुरुस्ती पासपोर्टशी जुळेल अशीच करून घ्यावी. माहेरचा दुवा विवाह दाखला सांभाळतो. इंग्रजी स्पेलिंग मात्र सगळीकडे अक्षरशः एकच हवं.

आता लेकराचा पासपोर्ट. तो पाच वर्षांचा किंवा अठरावं वर्ष पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढा मिळतो. साध्या अर्जाला 1000 रुपये शुल्क आहे आणि आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अर्जाला दहा टक्के सूट मिळते. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरून पासपोर्ट सेवा केंद्रात न्यावा लागतो, मोठ्या मुलांचा तिथेच काढतात. ‘अॅनेक्श्चर डी’ हे दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीचं घोषणापत्र साध्या कागदावर चालतं, त्याला नोटरी लागत नाही. एका पालकाची संमती मिळूच शकत नसेल तर ‘अॅनेक्श्चर सी’ भरायचं. आई-वडील दोघंही परदेशात असतील आणि लेकरू आजी-आजोबांकडे राहत असेल, तर आई-वडिलांनी तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवावं लागतं, आणि लेकरू ज्यांच्याकडे राहतं त्यांनी इकडे ‘अॅनेक्श्चर डी’ द्यायचं. आजोबा अर्ज घेऊन नुसतेच केंद्रात गेले तर परत फिरावं लागतं.

पाच वर्षांची मुदत फसवी असते. पुष्कळ देशांना प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे हाताशी साडेचारच वर्षं असतात.

दुसरा प्रश्न संमतीचा, आणि त्याचं उत्तर म्हणजे आई-वडिलांचं संमतीपत्र. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं आणि कॅनडाचं सरकार, दोघंही असं पत्र जवळ ठेवायला सांगतात. तिकडे ती कायद्याची सक्ती नसली, तरी पत्र नसेल तर चौकशी लांबते आणि दमलेलं लेकरू बाकावर ताटकळत बसतं. पत्र इंग्रजीत लिहा. त्यात लेकराचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर हवा; आई-वडिलांची नावं, पासपोर्ट नंबर, पत्ता आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन हवा; आजी आणि आजोबा दोघांची स्वतंत्र नावं, पासपोर्ट नंबर, आणि ते आईकडचे की वडिलांकडचे याचा स्पष्ट उल्लेख हवा. एकाच आजोबांचं नाव घातलं आणि ऐनवेळी त्यांची तब्येत बिघडली, तर एकट्या आजीच्या हातातल्या पत्राला काही किंमत उरत नाही. म्हणून ‘दोघं मिळून किंवा दोघांपैकी कोणीही एक’ अशी शब्दरचना करा.

प्रवासाच्या तारखा लिहिताना परतीच्या तारखेपुढे आठ-दहा दिवस मोकळे ठेवा, म्हणजे विमान रद्द झालं तरी पत्र बाद होत नाही. ज्या देशात विमान बदलायचं आहे त्याचंही नाव घाला. मुक्कामाचा पत्ता लिहा. आजारपणात उपचारांना संमती द्यायचा अधिकार आजी-आजोबांना दिल्याचं एक वाक्य हवंच, कारण ते नसेल तर परदेशातला दवाखाना तातडीची नसलेली कोणतीही गोष्ट आई-बापाशी बोलणं होईपर्यंत थांबवून धरू शकतो. सह्या पासपोर्टवर आहेत तशाच करा, आणि नोटरीसमोर करा. घरून सही करून आणलेल्या कागदावर शिक्का मारून घेणं म्हणजे तो कागद कच्चा ठेवणं. नोटरीचा शिक्का, सही, तारीख आणि नोंदवहीतला अनुक्रमांक प्रत्येक पानावर आहे का ते तिथेच तपासा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 रुपयांचे स्टॅम्प पेपर वापरात नाहीत, त्यामुळे हे पत्र प्रतिज्ञापत्राच्या रूपात केलं तर 500 रुपयांचा लागतो. वडील दुबईत आणि आई जालन्यात असेल, तर एकाच कागदावर दोन सह्या जमवत बसू नका. दोघांनी आपापल्या ठिकाणी दोन वेगळी पत्रं केलेली चालतात. मूळ प्रती किमान दोन करा, कारण एक व्हिसाच्या फाईलमध्येच राहते.

काही देश जन्मदाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का, मागतात. आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो क्रम आहे. संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिल करारात नाही, तिथल्या कामाला दूतावासाचं अटेस्टेशन लागतं.

व्हिसाच्या बाबतीत ब्रिटनकडे विशेष लक्ष द्या. लहान मुलाचा व्हिजिटर व्हिसा ‘सोबत असलेला’ या प्रकारात दिला, तर लेकरू कोणासोबत येणार त्या प्रौढांची नोंद व्हिसात होते, आणि अशा दोनच व्यक्ती नोंदवता येतात. अर्जात आई-वडिलांची नावं भरली आणि प्रत्यक्षात आजी-आजोबा निघाले, तर लेकराला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या अर्जावर दोन्ही पालकांची संमती लागते. जून 2024 पासून तिथे मोठ्यांना 90 युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांखालच्या मुलांना 45 युरो शुल्क आहे, आणि सहा वर्षांखाली काहीच नाही.

लेकरू परदेशी नागरिक असेल आणि आजी-आजोबा त्याला सुट्टीत गावी आणत असतील, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) किंवा भारताचा व्हिसा हवाच. मुलांचा परदेशी पासपोर्टही लवकर संपतो. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर वेळी नवा पासपोर्ट ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. आखाती देशात राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक हिशेब ठेवावा. अमिरातीचा नेहमीचा रहिवासी व्हिसा असलेलं लेकरू सलग 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तो व्हिसा रद्द होतो. ‘शाळेचं एक वर्ष आजीकडे काढू दे’ असं ठरवताना हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

आई किंवा वडील हयात नसतील तर संमतीच्या जागी मृत्यूचा दाखला जोडा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश लागतो, आणि तो पूर्ण वाचा. कित्येक आदेशांत देशाबाहेर नेण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यायची अट असते. दोन्ही पालक नसलेल्या लेकराला आजी-आजोबा सांभाळत असतील, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्या. त्याला महिने लागतात, आणि गावच्या सरपंचाचा दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

आजीचा स्वतःचा पासपोर्टही एकदा उघडून बघा. जुन्या पुस्तकांत आडनावाचा रकाना कोरा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात भरलेलं सापडतं. त्यातही नाव एकाच शब्दाचं असेल, तर नोव्हेंबर 2022 पासून अमिराती ते भेटीच्या व्हिसाला सहजी स्वीकारत नाही. दहावी न झालेल्या आजीच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (इमिग्रेशनची पूर्वपरवानगी आवश्यक) शिक्का असेल तर घाबरायचं कारण नाही. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, नातवंडाला घेऊन फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही.

नेपाळचं गणित वेगळं आहे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथच्या यात्रेला पासपोर्टची सक्ती नाही, पण ‘आधार आहे की’ म्हणून निघू नका. पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टीच्या वरच्यांना आधार चालतं. मधल्या वयाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. म्हणजे आजोबा अडुसष्टचे आणि आजी एकसष्टची असेल, तर आजीचं मतदार कार्ड किंवा पासपोर्ट घ्यायलाच हवा. पंधरा ते अठरा वयाच्या नातवंडासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखपत्र चालतं, ते सुट्टी लागून शाळेचं कार्यालय बंद व्हायच्या आत घेऊन ठेवा. लेकराचं निळं बाल आधार पाच वर्षांपर्यंतचंच असतं. त्यापुढे बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत केलेलं असायला हवं. रेशनकार्डावर आजोबा आणि नातवंड दोघांची नावं असतील तर तेही सोबत घ्या, एकाच कुटुंबातले असल्याचा तो उपयोगी पुरावा आहे.