यीहुईची शाखा: कू थायछिंगचे दोन बाप आणि एका कवितेचं शीर्षक

सुटला एकदाचा! चीनच्या छिंग राजवंशातल्या यीहुईच्या शाखेचा वंशवृक्ष मी काढतोय. त्याची धाकटी बायको कू थायछिंग खरी कुणाची लेक, आणि घरातली कोणती मुलं तिची, हा गुंता, ज्यावर मागच्या नोंदीत नुसती चरफड होती, तो बराचसा मार्गी लागलाय.

आधी सोपं काम. चियेनलोंग बादशहाचा पाचवा मुलगा योंगची, त्याचा मियेनयी, त्याचा यीहुई (१७९९–१८३८), पुढे त्साईच्युन आणि फूमेई, ही उभी ओळ रंगवून झाली. छिन्वांग, च्युन्वांग, बेइले, बेइत्से, चनक्वोकोंग हे राजघराण्यातले उतरत्या क्रमाचे हुद्दे: दर पिढीला हुद्दा नेमका एक पायरी खाली. 'लोखंडी टोपी'वाल्या, म्हणजे हुद्दा कायम राखण्याचा मान मिळालेल्या घराण्यांत ही घसरण होत नाही, म्हणून त्यांचे तक्ते मला सपक वाटतात. इथली गडद पिवळ्यापासून फिकट होत गेलेली पट्टी मात्र बघत बसावी अशी झालीये.

आता डोकेदुखी. कू थायछिंगचा जन्मही १७९९ चाच. मांचू कवयित्रींत तिचं नाव पहिलं घेतात. राजवंशाच्या वंशावळीत ती कू वनशिंग नावाच्या वाड्यावरच्या रक्षकाची लेक आहे. प्रत्यक्षात ती शीलिन ग्योरो कुळातली, ओछांगची नात. ओछांग म्हणजे बडा मंत्री ओरताईचा पुतण्या. कवितांमध्ये राजद्रोह हुडकण्याच्या लाटेत, १७५५ च्या हू चोंगत्साओ प्रकरणात, त्याला बादशहाच्या हुकमानं स्वतःचा जीव घ्यावा लागला. अपराध्याच्या घरची मुलगी राजवंशात कशी येणार? म्हणून १८२४ मध्ये रक्षकाची मुलगी अशी नोंद करून ती यीहुईच्या घरात आली. आजोबांना संपवणाऱ्या चियेनलोंगच्याच पणतूशी लग्न!

हे सॉफ्टवेअरला कसं सांगायचं? पैसे भरून घेतलेलं माझं जुनं सॉफ्टवेअर माणसाला एकच बाप देतं. दुसरा जोडला की दत्तक समजतं, आणि ही तर दत्तकही नाही. शेवटी ग्रॅम्प्स या दुसऱ्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरवर गेलो. दिसायला ओबडधोबड, पण फुकट आणि समजूतदार. एका व्यक्तीला अनेक नावं, आईबापांच्या अनेक जोड्या, आणि नात्याचा प्रकार आपण लिहू तो. कू वनशिंगसमोर मी 'कागदोपत्री' असं लिहून टाकलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

मुलं कुणाची कोण, हा घोळ मात्र तसाच होता. तो सोडवला तिच्या एका कवितेच्या शीर्षकानं. शीर्षक कसलं, पंचनामाच तो. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी पती गेले. दहाव्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून चाओ आणि छू हे दोन मुलगे, शूवन आणि यीवन या दोन मुली घेऊन वाड्याबाहेर पडले. राहायला जागा नव्हती, तेव्हा सोन्याची फीनिक्सची केसातली पिन विकून घर घेतलं. मृत्यूची तारीख, मुलांची नावं, घराबाहेर काढल्याची नोंद, सगळं एका ओळीत! चिनी तारखांच्या इंग्रजी तारखा तैवानच्या अकादेमिया सिनिका या संशोधन संस्थेच्या रूपांतरकातूनच काढा. १८३८ मध्ये त्यांच्याकडे अधिक महिना होता, त्यामुळे सातवा महिना उशिरा आला आणि यीहुईची तारीख २६ ऑगस्ट येते. घर सोडलं ते डिसेंबरच्या मध्यात, पेकिंगच्या थंडीत.

यादीत त्साईच्युन नाही, कारण तो यीहुईची थोरली बायको म्याओह्वा हिचा मुलगा. वारसा त्यालाच मिळाला. पण १८५७ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि गादीला घेतला कोण, तर फूमेई. त्साईचाओचा, म्हणजे शीर्षकातल्या चाओचा मुलगा, थायछिंगचा नातू!

हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की वरची माझी देखणी उभी पट्टी मोडावी लागणार. त्साईच्युन ते फूमेई ही ठिपक्यांची रेघ हवी, आणि सलग रेघ त्साईचाओकडून. मग तक्ता यीहुईऐवजी थायछिंगपासूनच का सुरू करू नये? वाटतं, तेच करावं. नवरा डावीकडे, दोन्ही बाप वर, हुद्द्यांचे रंग फक्त चौकटीच्या कडांना.

कवी कोंग त्सचेनशी तिचं नाव जोडणारी लायलॅकची भानगड मी तक्त्यात घालणार नाही. तिला बाहेर काढण्यामागे सावत्र मुलगा आणि सासू एवढं कारण मला पुरतं. यीहुईच्या थायफिंग तळ्याकाठच्या वाड्याचा नकाशाही तूर्त बाजूला. तिथेच पुढे १८७१ मध्ये क्वांगशू बादशहा जन्मला, म्हणून त्याला वेगळी नोंद हवी.

आता तिच्या सगळ्या कवितांची शीर्षकं तारीखवार चाळतोय. शूवन-यीवनच्या सासरची नावं कुणाच्या फाइलमध्ये असतील तर पाठवा, गेडकॉम (वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा फाइलचा प्रकार) असेल तर उत्तमच.