४ फुटी टँक, खाली सम्प: पाईप कापण्याआधीचा हिशोब

ठाणे, घोडबंदर रोड, सातवा मजला. मासे पाळायचा काचेचा टँक आला आहे: आतलं माप १२० × ४५ × ४५ सेंमी, काच १० मिमी. दगड, वाळू, सम्प (टँकखाली ठेवायची, पाणी गाळायची आणि पंप ठेवायची पेटी) धरून वजन ४०० किलोच्या वर जातं, म्हणून स्टँड भिंतीला लागून, बीमच्या रेषेत. सम्प (कामगारांचा नव्हे) अजून बनवायला टाकलेला नाही. त्याचं माप ठरतं ते वीज गेल्यावर काय होईल त्यावरून.

टँकमधलं १ सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. पंप थांबला की रिटर्नच्या (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये आणणाऱ्या पाईपच्या) तोंडापर्यंतचं पाणी उलटं सायफन होऊन खाली उतरतं. तोंड ३ सेंमी बुडालेलं असेल तर १६ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स (टँकमधलं जास्तीचं पाणी ज्यात पडून खाली जातं तो कप्पा) आणि पाईपमधलं साधारण ४ धरा. आतून ७५ × ३५ च्या सम्पमध्ये या २० लिटरने पातळी ८ सेंमी चढते. उंची ३८, चालू पातळी २५, म्हणजे पाणी ३३ वर थांबेल. दिसायला बरं म्हणून तेच तोंड १२ सेंमी खाली नेलं तर ६५ लिटर उतरतात आणि सहाव्या मजल्यावरचे बेल वाजवतात. नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हवर भिस्त नको; झडपेत एक बारकी गोगलगाय अडकली तरी तो गळतो.

खाली येणारे पाईप दोन, दोन्ही १ इंची: एक व्हॉल्व्ह लावलेला, पूर्ण भरून आवाज न करता वाहणारा, दुसरा थोडा उंच, कोरडा, पहिला तुंबला तर उपयोगी. कोरड्यावर व्हॉल्व्ह कधीच नाही. पितळी व्हॉल्व्हही नको, त्यातलं तांबं कोळंबीला घातक.

हार्डवेअरच्या दुकानात घोळ होतो तो मापाचा. प्लंबिंगचा १ इंची यूपीव्हीसी बाहेरून ३३.४ मिमी, शेतीचा ३२ मिमी. दुकानदार दोन्हीला 'एक इंच' म्हणतो. सांधा सैल बसला तर सॉल्व्हंटने (पाईप चिकटवायच्या द्रवाने) भरून निघत नाही. टँक निपल (काचेच्या भोकात बसवून पाईप जोडायचा आट्यांचा तुकडा) आधी हातात घेऊन मोजायचं, मगच काचेला भोक. टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) काच असेल तर भोकाचा विचारच सोडा, पूर्ण काच फुटते. रबर वॉशर फ्लँजच्या (निपलच्या रुंद कडेच्या) बाजूला, नट हातानेच आवळायचा.

पंपाच्या खोक्यावरचे ताशी ३००० लिटर शून्य उंचीचे. इथे उंची १ मीटर, वर एल्बो. १५०० मिळाले तरी पुरे.

पुढचं काम: सॉल्व्हंट २४ तास वाळवून नळाचं पाणी भरायचं, सम्पवर पातळीच्या खुणेसाठी टेप लावून पंप दहादा बंद-चालू करायचा. पाणी ३३ च्या वर चढलं तर चालू पातळी कमी करायची. मासे त्यानंतर.