तुम्ही विचारलंत म्हणून: लव्हाळ्यावर जालीम काय?

"अण्णा, लव्हाळ्यावर काय तरी जालीम द्या की."

जूनच्या शेवटी पेरण्या उरकल्या की ते गणपती येईपर्यंत बेळगावकडच्या माझ्या शेती-औषधांच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. येळ्ळूर-धामण्याचा भातवाला विचारतो, खानापूरकडचा विचारतो, निपाणी-चिकोडीचा ऊसवाला विचारतो, बैलहोंगलकडचा गडी कन्नडमधून 'जेकू' म्हणत तेच मागतो. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: उगवलाय कुठं? कुरीनं (पाभरीनं) पेरलेल्या भातात, चिखलणीच्या म्हणजे चिखल करून लावलेल्या भातात, उसाच्या सरीत, का कालव्याच्या कडेला? काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. औषध द्यायचं सोडून हा जमिनीची चौकशी कशाला करतोय! पण लव्हाळा हे तण म्हणजे एकच जात नव्हे. ज्या कुळातला तो आहे त्यात जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. आपल्या शिवारातल्याच डझनभर जातींना आपण सरसकट 'लव्हाळा' म्हणून मोकळे होतो. कुठली कुठं उगवते हे कळल्याशिवाय बाटली हातात देणं म्हणजे तुमचे पैसे पाण्यात.

आधी तो लव्हाळाच आहे का ते बघा. फुलोऱ्याचा दांडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर बहुतेक लव्हाळा. हरळीचा दांडा गोल, मध्ये पेरं असलेला. लव्हाळ्याच्या दांड्याला खालपासून वरपर्यंत पेर नसतं आणि ब्लेडनं आडवा कापला तर आत भरीव गर दिसतो. पानंही तीन दिशांना फुटतात, गवतासारखी दोन बाजूंना नाही. याला अपवाद आहेत. तळ्यातल्या काही जातींचा दांडा गोलच असतो, आणि त्यांना पानं म्हणावीत अशी नसतातच. शहरातल्या नाल्यात तपकिरी कणसाचं जे उंच झाड माजतं, ते पाणकणीस. त्याला लव्हाळा म्हणून शिव्या घालू नका, ते वेगळ्याच कुळातलं.

आता खरी डोकेदुखी. बेळगाव-खानापूरकडं धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, कुरीनं भात पेरायची जुनी रीत आहे. पाणी साचलेलं नसतं, जमीन मोकळी आणि उघडी, वर ऊन. गाठीच्या लव्हाळ्याला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? हाच तो सायपेरस रोटुंडस, जांभळट-तपकिरी तुऱ्याचा. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांच्या यादीत याचा नंबर पहिला लावतात, आणि ज्यानं एक हंगाम त्याच्याशी झटापट केली आहे त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

एकदा खुरप्यानं नाही, टिकावानं वीतभर खोल माती उचलून बघा. पानाच्या बुडाशी एक छोटी गाठ असते. तिच्यातून तारेसारखी मुळं आडवी पसरतात, आणि त्या तारेवर थोड्या थोड्या अंतरानं जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठी ओवलेल्या असतात. कोवळी गाठ पांढरी, जून झालेली काळपट आणि वरून केसाळ सालीची. नखानं फोडली की कापरासारखा उग्र वास येतो. भांगलणीला (तण काढायला) बाया येतात, पान ओढतात, पान हातात येतं आणि गाठ जमिनीत राहते. आठवड्याच्या आत तीच ओळ पुन्हा हिरवी. मग लोक म्हणतात, बायांनी नीट काम केलं नाही. बायांचा काय दोष?

त्याहून घोटाळा होतो कुळवानं. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. कुळवाच्या पात्यानं माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतःच्या बळावर उठते. एका झाडाची दहा झाडं तुम्हीच केलीत, आणि वर कुळवाला चिकटून गाठी बांधापलीकडच्या तुकड्यात गेल्या त्या वेगळ्याच. बी म्हणाल तर याला फारसं रुजत नाही. हा पसरतो तो गाठींवर आणि आपल्या अवजारांवर.

याच्या दोन दुखऱ्या नसा आहेत: कोरड आणि सावली. मार्च-एप्रिलात खोल नांगरून ढेकळं तशीच उन्हात पडू दिली, तर वर आलेल्या गाठी पंधरा-वीस दिवसांत सुकून मरतात. आपल्याकडं अडचण वळवाची. एप्रिल-मेमध्ये एखादा वळीव दणकून पडतो आणि सुकत आलेल्या गाठी फुटतात. मी म्हणतो, फुटू द्या. हिरवा कोंब वर आला की पेरणीआधी त्याचा बंदोबस्त करा, मग कुरी घाला. पिकाबरोबर उगवण्यापेक्षा पिकाआधी उगवलेला लव्हाळा कधीही स्वस्त पडतो. आणि सावली म्हणाल तर याला अजिबात खपत नाही. ज्या तुकड्यात फारच माजलाय तिथं एक पावसाळा ताग दाट पेरून गाडा. मला औषध विकायचं असूनही मी हे सांगतो, त्यावरून काय ते समजा.

बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवारात मामला उलटा. तिथं चिखलणी करून रोप लावतात, पाणी उभं असतं, आणि उभ्या पाण्यात गाठीचा लव्हाळा दबून राहतो. मग तिथला माणूस मूठभर लव्हाळा घेऊन येतो तो कुठला? मुळं बघायची. तांबूस, बारीक, केसासारखी मुळं आणि गाठ एकही नाही. ही एका हंगामाची जात, बियांवर जगणारी. टोकाला हिरवट-काळे गोल गेंद असतील तर सायपेरस डिफॉर्मिस. पिवळट, मोकळा, पसरलेला तुरा असेल तर सायपेरस आयरिया. बुडाशी पानं पंख्यासारखी चपटी बसलेली आणि वर नाचणीच्या दाण्याहून बारीक तपकिरी गोळ्या असतील तर फिंब्रिस्टायलिस. तिघांचं बी धुळीसारखं, एका झाडाला हजारोंनी, आणि बळ्ळारी नाल्याला पूर आला की एकाच्या शेतातलं दुसऱ्याच्या शेतात फुकट पोचतं.

पण या तिघांना उपटलं की ती मरतात. गाठ नसल्यामुळं मागं काही राहत नाही. बी रुजायला उजेड आणि उघडा चिखल लागतो, म्हणून लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे दोन इंच पाणी सारखं राखलं तर निम्मी भांगलण वाचते. शेताच्या ज्या कोपऱ्यात उंचवटा आहे तिथंच हे तण दाट दिसेल, कारण तिथं पाणी चढत नाही. चिखलणीच्या वेळी फळी मारून शेत नीट सपाट केलं असतं तर तो उंचवटा राहिला नसता. औषधाच्या आधी ही फळी.

चिकोडी-अथणीकडं, कालव्याच्या नाहीतर नदीच्या पाण्यावरच्या उसात दोन प्रकार भेटतात. लावणीपासून ऊस सरीवर झाकेपर्यंत गाठीचा लव्हाळा जोरात असतो. एकदा पाचटानं आणि पानानं सावली धरली की आपोआप मागं हटतो. कालव्याच्या गळतीशेजारी मात्र कमरेएवढी, जाड तिकोनी दांड्याची जात उभी दिसते, वर मोठा सोनेरी-तपकिरी तुरा. ती दिसली की मी फवारा देतच नाही. ती जमीन पाणी मुरून बसली आहे, तिथं चर काढायला पाहिजे. चर न काढता फवारत राहिलात तर यंदाची जाते, पुढच्या वर्षी दुसरी येते, आणि ऊस पिवळा तो पिवळाच.

जिथं कुणी औषध मागत नाही तिथले लव्हाळे मला जास्त आवडतात, हे दुकानदारानं सांगू नये, तरी सांगतो. जांभोटीहून कणकुंबीकडं, पुढं चोर्ल्याच्या बाजूला जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे दगडी माळ, आहेत. पावसाळ्यात त्या दगडावर बोटभर माती आणि बोटभर पाणी. त्यात फिंब्रिस्टायलिसच्या बुटक्या जाती झुपक्यांनी उगवतात, शेजारी पांढरे गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं. दिवाळीनंतर सगळं वाळून तांबूस होतं. लोक फुलांचे फोटो काढतात आणि या झुपक्यांवर पाय देऊन जातात. भीमगडच्या रानात आत ओढ्याकाठी सावलीत राहणाऱ्या जाती आहेत, म्हणजे या कुळाला सावली सोसत नाही असंही नाही. तिथल्या स्क्लेरियाच्या पानाची कड पोटरीला लागली तर ब्लेड लागल्यासारखी बारीक रेघ उमटते. बी मात्र बघण्यासारखं: पांढरं, कठीण, गुळगुळीत, चिनी मातीचं असावं असं. गावात म्हणाल तर कॅम्पातल्या मैदानाच्या कडेला, घराच्या अंगणात पांढऱ्या बटणासारख्या डोक्याची कायलिंगा असते. तिनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

आणि दिवाळीला उटण्याच्या पुडीवर 'नागरमोथा' वाचता ना? तो याच कुळातला वासाचा कंद. आपल्या शेतातली गाठ म्हणजे वैद्यांचा मुस्ता. तापात तहान भागवायला देतात त्या षडंगपानीयात तो असतो. हे ऐकून काहीजण विचारतात, मग विकता येईल का? येईल, पण खणायची, धुवायची, वाळवायची मजुरी धरून हिशोब करा, मग सांगा.

तर औषध. उसात गाठीचा लव्हाळा असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम. लव्हाळा तीन-पाच पानांवर असताना, जमिनीत ओल असताना. दोन-तीन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून फोन करू नका. ते पानातून गाठीपर्यंत उतरायला वेळ घेतं, पिवळं पडून मरायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात कुळव घातलात तर पान तुटलं आणि औषध वरच राहिलं. सरीत सोयाबीनचं आंतरपीक असेल तर हे मारायचंच नाही, सोयाबीन जाईल. चिखलणीच्या भातातल्या बियांच्या लव्हाळ्याला बिसपायरीबॅक सोडियम, तण कोवळं असताना, पाणी काढून फवारा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधा. हेच औषध गाठीच्या लव्हाळ्यावर मारून "बोगस निघालं" म्हणत येणारे दरवर्षी असतात. टू-फोर-डी हे तणनाशक स्वस्त आहे, बियांच्या लव्हाळ्यावर चालतंही, पण वाऱ्यानं शेजारच्या टोमॅटोवर गेलं तर पानं आकसून वळतात आणि मग भांडण माझ्या दुकानात मिटवावं लागतं. शेजारी भाजी असेल तर मी ते देत नाही.

येताना नुसतं पान आणू नका. मुळासकट, मातीसकट, तुऱ्यासकट एक झुपका ओल्या कागदात गुंडाळून आणा, आणि शेताच्या कुठल्या कोपऱ्यातला ते लक्षात ठेवून या. फोटो पाठवायचा असेल तर खालच्या गाठीचाही पाठवा. दुकान रविवारी दुपारपर्यंतच उघडं असतं.